भारतरत्न: कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

राजारामपुरीत आम्ही स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी एक छोटी अभ्यासिका चालवतो. एकदा भारतरत्नावरचं टिपण भिंतीवर चिकटवलं आणि तिथून जे प्रश्न सुरू झाले ते अजून थांबलेले नाहीत. विचारणारे तीन प्रकारचे. परीक्षेची मुलं, जयंतीच्या कमानीवर काय लिहायचं म्हणून फोन करणारे मंडळांचे कार्यकर्ते, आणि सकाळी रंकाळ्यावर फेरी मारून आलेले पेन्शनर. तिघांचे मिळून प्रश्न इथं घेतलेत. भाषा शक्यतो त्यांचीच ठेवलीय. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिलेत.

१. भारतरत्न म्हणजे पद्म पुरस्काराचाच वरचा वर्ग का?

नाही. भारतरत्न हा देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान, आणि पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री ही त्याच्या खालची वेगळी मालिका. दोन्हींची सुरुवात एकाच दिवशी, २ जानेवारी १९५४ला झाली, म्हणून घोळ होतो. त्या वेळी पद्मविभूषणाचेच पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग असे तीन वर्ग होते. आजची तीन नावं ८ जानेवारी १९५५पासूनची. निवडीची पद्धतही दोन्हींची निराळी आहे, ती प्रश्न ४मध्ये.

२. पहिलं भारतरत्न कुणाला? आजवर किती जणांना मिळालं?

१९५४मध्ये तिघांना: चक्रवर्ती राजगोपालाचारी, सर्वपल्ली राधाकृष्णन आणि चंद्रशेखर वेंकट रामन. २०२४पर्यंतची एकूण संख्या ५३. त्यात स्त्रिया फक्त पाच: इंदिरा गांधी (१९७१), मदर तेरेसा (१९८०), अरुणा असफ अली (१९९७), एम. एस. सुब्बुलक्ष्मी (१९९८) आणि लता मंगेशकर (२००१). म्हणजे २००१नंतर एकही नाही. मुलं हे पाठ करतात, पण २३ वर्षांचा तो खड्डा कुणाला खटकलेला मी अजून पाहिला नाही. ५३ की ५४ असा वाद घालणाऱ्यांनी प्रश्न १८ पाहावा.

३. पदक सोन्याचं असतं ना? आणि सोबत रक्कम किती?

रक्कम शून्य. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, एवढंच.

पदक सोन्याचं नाही. १९५४च्या मूळ अधिसूचनेत ३५ मिलिमीटर व्यासाचं गोल सुवर्णपदक होतं, पण वर्षभरात रूप बदललं. आताचं पदक पिंपळपानाच्या आकाराचं, ब्राँझचं. लांबी सुमारे ५.८ सेंटिमीटर, रुंदी ४.७ आणि जाडी ३.१ मिलिमीटर. पानाच्या मधोमध प्लॅटिनमचा सूर्य, त्याखाली देवनागरीत ‘भारत रत्न’. मागच्या बाजूला राजमुद्रा आणि ‘सत्यमेव जयते’. फीत पांढरी. घडवलं जातं कोलकात्याच्या अलीपूर टांकसाळीत. गुजरीतल्या, म्हणजे इथल्या सराफ बाजारातल्या, एका ओळखीच्या कारागिराला मी फोटो दाखवला, तर तो म्हणाला, मोडीत काय येणार ह्याचं! बरोबर आहे त्याचं.

४. हे ठरवतं कोण? आमच्या गावच्या माणसासाठी अर्ज कुठं करायचा?

पंतप्रधान शिफारस करतात, राष्ट्रपती सन्मान देतात. मध्ये दुसरं कुणी नाही. पद्म पुरस्कारासाठी समिती असते, कुणाही नागरिकाला नाव सुचवता येतं, स्वतःचंसुद्धा. भारतरत्नाला अशी रीतसर शिफारस लागतच नाही, म्हणून अर्जाचा नमुनाही नाही.

ग्रामसभेचा ठराव, आमदारांचं पत्र, पाच हजार सह्यांचं निवेदन हे सगळं पाठवता येतं. त्याने वातावरण तयार होतं. पण त्या कागदाला आवक क्रमांकापलीकडे बंधनकारक असं काही मिळत नाही. अधिसूचनेत निकषही फार मोकळा आहे: मानवी कर्तृत्वाच्या कोणत्याही क्षेत्रातली सर्वोच्च दर्जाची असामान्य सेवा किंवा कामगिरी. गुण, टक्केवारी, किमान वय असं काही नाही. ‘अमक्याला का दिलं आणि तमक्याला का नाही’ या प्रत्येक प्रश्नाचं मूळ या मोकळेपणात आहे, हे एकदा ध्यानात घेतलं की पुढची बरीच उत्तरं सोपी होतात.

५. दरवर्षी २६ जानेवारीला जाहीर होतं का? वर्षाला तीनच ना?

प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या संध्याकाळी जाहीर होतात ते पद्म पुरस्कार. भारतरत्नाला तारीख ठरलेली नाही आणि दरवर्षी दिलंच पाहिजे असंही नाही. लतादीदी आणि बिस्मिल्ला खाँ यांच्यानंतर सात वर्षं कुणालाच नव्हतं.

वर्षाला जास्तीत जास्त तीन हा दंडक मात्र सांगितला जातो, आणि मोडलाही जातो. १९९९च्या यादीत चार जण आहेत: जयप्रकाश नारायण, अमर्त्य सेन, गोपीनाथ बोर्डोलोई आणि पंडित रविशंकर. २०२४मध्ये तर पाच: कर्पूरी ठाकूर, लालकृष्ण अडवाणी, पी. व्ही. नरसिंह राव, चौधरी चरणसिंह आणि एम. एस. स्वामिनाथन. परीक्षेत ‘कमाल तीन’ असा पर्याय आला तर प्रश्नाची भाषा नीट वाचा. ‘नियमानुसार’ विचारलंय की ‘आजवर’, यावर उत्तर फिरतं.

६. महाराष्ट्रातल्या कुणाकुणाला मिळालंय?

हा प्रश्न आठवड्यातून एकदा येतोच, म्हणून सविस्तर.

धोंडो केशव कर्वे, १९५८. महर्षींचा जन्म १८ एप्रिल १८५८चा, म्हणजे सन्मान मिळाला तेव्हा शंभरी भरलेली. हयातीत भारतरत्न मिळालेल्यांत एवढ्या वयाचं दुसरं कुणी नाही. पांडुरंग वामन काणे, १९६३. रत्नागिरी जिल्ह्यातला हा माणूस धर्मशास्त्राचा इतिहास लिहायला बसला आणि पाच खंड लिहून उठला. आमच्या मुलांना काण्यांचं नाव हटकून आठवत नाही. विनोबा भावे, १९८३, मरणोत्तर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, १९९०, मरणोत्तर. लता मंगेशकर, २००१. भीमसेन जोशी, २००९. सचिन तेंडुलकर, २०१४, वय ४०, सगळ्यांत लहान आणि पहिला खेळाडू. नानाजी देशमुख, २०१९, मरणोत्तर. त्यांचं जन्मगाव हिंगोली जिल्ह्यातलं कडोळी.

आता कुरबुरीची नावं. जे. आर. डी. टाटा (१९९२) यांचा जन्म पॅरिसचा, पण अख्खी कारकीर्द मुंबईत, म्हणून बहुतेक जण त्यांना यादीत धरतात. मोरारजी देसाई (१९९१) मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, पण मूळचे गुजरातचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लाठ्या खाल्लेल्या पिढीपुढं त्यांना ‘आपल्या’ यादीत घालून बघा, मग कळेल. भीमसेनजी जन्मानं गदगकडचे, कर्मानं पुण्याचे. लतादीदींचा जन्म इंदूरचा. सरकारी यादीत ‘राज्य’ हा रकाना कसा भरला यावर दरवेळी आकडा बदलतो, तेव्हा ‘महाराष्ट्राला एकूण किती’ यापेक्षा नावं लक्षात ठेवलेली बरी.

७. आणि खुद्द कोल्हापूरच्या?

कोल्हापुरात जन्मलेल्या कुणालाही अजून नाही. पण धागे आहेत, आणि ते बळंच ओढलेले नाहीत.

पहिला बाबासाहेबांचा. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली. माणगाव आज हातकणंगले तालुक्यात येतं. बाबासाहेब अध्यक्ष होते, वय २८. शाहू महाराज स्वतः गेले आणि जमलेल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. त्याआधी ‘मूकनायक’ला त्यांनी आर्थिक मदत केलेलीच होती. पुढं बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेब या दोघांचे पुतळे उभे राहिले ते १९५०मध्ये, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. भाई माधवराव बागल त्यामागे होते. दिल्लीहून भारतरत्न यायला त्यानंतर ४० वर्षं लागली. १४ एप्रिल १९९० रोजी माईसाहेबांनी, सविता आंबेडकरांनी, ते राष्ट्रपती वेंकटरमण यांच्या हातून स्वीकारलं. बिंदू चौकात चहा पिताना हे आठवलं की जरा कॉलर ताठ होते, खोटं कशाला सांगू.

दुसरा धागा लतादीदींचा. १९४२ला मास्टर दीनानाथ गेले आणि बारा वर्षांच्या मुलीवर घर पडलं. मास्टर विनायकांनी कामाला घेतलं. त्यांची कंपनी कोल्हापुरात होती. १९४५मध्ये कंपनीबरोबर दीदी मुंबईला गेल्या. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८च्या दंगलीत जळाला. तो पुढं दीदींच्या मालकीचा झाला. त्यावरून इथं जे वाद गाजले ते सगळ्यांना माहीत आहेत, इथं नकोत.

पद्म पुरस्कार म्हणाल तर कोल्हापूरचं ताट भरलेलं आहे. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील, १९५९ पद्मभूषण. वि. स. खांडेकर, १९६८ पद्मभूषण. कोवाडचे रणजित देसाई, १९७३ पद्मश्री. इथं जन्मलेले जयंत नारळीकर, १९६५मध्ये वयाच्या २७व्या वर्षी आधी पद्मभूषण आणि २००४मध्ये पद्मविभूषण. व्ही. शांताराम, १९९२ पद्मविभूषण, मरणोत्तर.

८. मेल्यावर भारतरत्न देतात का? कधीपासून?

१९५४च्या मूळ नियमात मरणोत्तरची सोय नव्हती. जानेवारी १९५५मध्ये ती आली आणि पहिल्यांदा वापरली गेली १९६६मध्ये, लालबहादूर शास्त्रींसाठी. २०२४पर्यंतच्या ५३ जणांपैकी १८ मरणोत्तर, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त. २०२४च्या पाचांत तर एकटे अडवाणी हयात होते.

९. सर, सगळं खरं, पण शाहू महाराजांना का न्हाई?

हाच तो प्रश्न. बाकीचं पान यासाठी वाचणारे निम्मे असतील.

सरळ उत्तर: नियम आड येत नाही. मृत्यू किती वर्षांपूर्वीचा असावा याची मर्यादा कुठंही लिहिलेली नाही. संस्थानिक होते म्हणून बाद, असंही नाही. आड येतो तो पायंडा.

शाहू महाराज ६ मे १९२२ला गेले. सन्मान सुरू झाला त्यानंतर ३२ वर्षांनी. आता मरणोत्तर अठरा जणांच्या मृत्यूच्या तारखा लावून बघा. मी एका रविवारी बसून लावल्या. बाबासाहेब १९५६, सरदार पटेल १९५०, बोर्डोलोई १९५० असं मागं मागं जात शेवटी पंडित मदनमोहन मालवीयांपाशी थांबावं लागतं. ते १२ नोव्हेंबर १९४६ला गेले आणि त्यांना भारतरत्न मिळालं २०१५मध्ये. त्याच्या अलीकडचे सगळे, पलीकडचा एकही नाही. तोवर ‘स्वातंत्र्यापूर्वी गेलेल्यांना देत नाहीत’ असं छातीठोक सांगितलं जायचं. मालवीयांच्या नावानं ते संपलं. कुंपण नऊ महिन्यांनी मागं सरकलं, आणि एकदा सरकलं ते पुन्हा सरकू शकतं, हा आपल्या बाजूचा मुद्दा.

विरुद्ध बाजूचा मुद्दाही ऐकून घ्या. १९२२पर्यंत मागं गेलं की दोनच वर्षं पलीकडं लोकमान्य लागतात, आणखी मागं गेलं की जोतिराव आणि सावित्रीबाई. त्यांच्यासाठीही मागण्या आहेतच. प्रत्येक राज्य आपापली नावं घेऊन येणार. गांधीजींनाही भारतरत्न नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. काही नावं पुरस्काराच्या आधीची आणि वरची मानून बाहेरच ठेवावीत, असा एक विचार यात आहे. तो कागदावर मात्र कुठं नाही.

माझं मत विचारता म्हणून: मागणी करायला हरकत नाही, पण ती ‘अन्याय झाला’ या सुरात करू नये. २६ जुलै १९०२ रोजी ज्या राजानं मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, त्याचा जन्मदिवस, २६ जून, राज्यभर सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. ६ मे २०२२ला, स्मृतिशताब्दीच्या दिवशी, सकाळी १० वाजता कोल्हापूर १०० सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला माझ्या पुढं एक टेम्पोवाला होता. इंजिन बंद करून खाली उतरला, टोपी काढली. त्याच्या डोक्यात त्या वेळी पिंपळपानाचं पदक असेल असं मला वाटत नाही.

१०. कमानीवर ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ लिहिलं तर चालतं का? कोण म्हणतं गुन्हा आहे.

गुन्हा नाही. घाबरू नका.

मुळात गोष्ट अशी. राज्यघटनेचं कलम १८(१) म्हणतं की लष्करी आणि शैक्षणिक वगळता सरकारनं कुणाला किताब देऊ नये. मग भारतरत्न हा किताबच नव्हे का, म्हणून खटला झाला. बालाजी राघवन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं १५ डिसेंबर १९९५ला निकाल दिला: हे सन्मान म्हणजे किताब नव्हेत, पण ते नावाच्या आधी किंवा नंतर उपाधीसारखे लावता येणार नाहीत. मानकऱ्यानं तसं केलं तर ठरलेल्या पद्धतीनं सन्मान काढून घेता येतो.

म्हणजे बंधन मानकऱ्यावर आहे. स्वतःच्या लेटरहेडवर, कार्डावर, दारावरच्या पाटीवर ‘भारतरत्न अमुकतमुक’ छापायचं नाही. ‘भारतरत्न सन्मानाचे मानकरी’ किंवा ‘राष्ट्रपतींच्या हस्ते भारतरत्नाने सन्मानित’ असं परिचयात लिहिलेलं चालतं. चाहत्यांच्या फलकावर, वर्तमानपत्रात, सूत्रसंचालकाच्या तोंडी लोक सर्रास ‘भारतरत्न’ लावतात आणि त्यासाठी शिक्षा कुठं लिहिलेली नाही. तरी सरकारी कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका, शाळेचा शिलालेख असं काही असेल तर शुद्ध पद्धत पाळावी. गेल्या वर्षी एका शाळेनं संगमरवरावर कोरून घेतलं आणि मग आम्हाला विचारलं. आधी विचारा.

११. मग ‘राजर्षी’, ‘महर्षी’, ‘लोकमान्य’ कसं चालतं?

कारण ते सरकारनं दिलेलं नाही. कलम १८(१) सरकारला बांधतं, लोकांना नाही. ‘राजर्षी’ ही उपाधी शाहू महाराजांना १९१९मध्ये कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय समाजानं दिली. इंग्रज सरकारनंही त्यांना जी.सी.एस.आय. वगैरे किताब दिले होतेच, केंब्रिज विद्यापीठानं एलएल.डी. दिली होती. आज यातलं रिक्षामागं रंगवलेलं कुठलं दिसतं ते तुम्हीच बघा.

काण्यांच्या नावाआधीचं ‘महामहोपाध्याय’ मात्र इंग्रज सरकारकडून आलेलं. घटना लागू व्हायच्या आधीचं असल्यानं ते सवयीनं चिकटून राहिलं.

१२. खाशाबा जाधवांना भारतरत्न देता येईल का?

नियमानं येईल. २०११पर्यंत आलं नसतं. तोवर भारतरत्न कला, साहित्य, विज्ञान आणि सार्वजनिक सेवा या क्षेत्रांपुरतं होतं. डिसेंबर २०११मध्ये ‘मानवी कर्तृत्वाचं कोणतंही क्षेत्र’ असा बदल झाला, आणि त्याच दारातून तेंडुलकर आत आला.

खाशाबा कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, पण घडले कोल्हापूरच्या मातीत. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तर प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले. तिथून कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४मध्ये रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

गंमत अशी की त्यांना पद्म मिळणं भारतरत्नापेक्षा अवघड आहे. पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत, आणि दिलेच तर मृत्यू अलीकडचा, साधारण वर्षभरातला असावा अशी अट आहे. भारतरत्नाला ती अट नाही. तालमीतल्या पोरांना हे सांगितलं तर म्हणतात, मग मोठंच मागूया की!

१३. पद्मश्री, पद्मभूषण अशा पायऱ्या चढूनच भारतरत्न मिळतं का?

नाही. पायऱ्यांची अट नाही. चारही सन्मान मिळालेले मोजकेच आहेत. कलावंतांत सत्यजित राय, बिस्मिल्ला खाँ, भीमसेन जोशी, भूपेन हजारिका, आणि शास्त्रज्ञांत एम. एस. स्वामिनाथन. भीमसेनजींचा प्रवास १९७२, १९८५, १९९९ आणि मग २००९ असा सरळ पायऱ्यांनी झाला. लतादीदींना पद्मश्री कधीच मिळाली नाही, थेट १९६९ला पद्मभूषण. तेंडुलकरनं पद्मभूषण वगळून उडी मारली.

१४. परदेशी माणसाला देतात?

देतात. नियमात नागरिकत्वाची अट नाही. खान अब्दुल गफारखान (१९८७) पाकिस्तानचे नागरिक, नेल्सन मंडेला (१९९०) दक्षिण आफ्रिकेचे. मदर तेरेसांना यात मोजू नका. जन्म परदेशी असला तरी त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतलेलं होतं.

१५. पंतप्रधानानं स्वतःचीच शिफारस केली तर?

रंकाळा कट्ट्याचा हा लाडका प्रश्न. नेहरूंना १९५५मध्ये आणि इंदिरा गांधींना १९७१मध्ये, दोघेही पंतप्रधानपदावर असताना मिळालं, हे खरं. नेहरूंच्या वेळी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पंतप्रधानांच्या शिफारशीची वाट न पाहता स्वतःहून निर्णय घेतला आणि जबाबदारीही स्वतःवर घेतली. नेहरू तेव्हा परदेश दौऱ्यावरून नुकतेच परतले होते. इंदिराजींच्या वेळी राष्ट्रपती गिरी होते. पुढं १९७५मध्ये गिरींना भारतरत्न मिळालं, तेव्हा पंतप्रधान इंदिराजी होत्या. कट्टा इथं डोळे मिचकावतो. स्वतःची शिफारस करायला लेखी मनाई अशी नाही. त्यानंतर मात्र पदावरच्या एकाही पंतप्रधानाला मिळालेलं नाही.

१६. मध्ये हा पुरस्कार बंद पडला होता म्हणे?

दोनदा. जुलै १९७७मध्ये मोरारजी देसाई सरकारनं बंद केला. जानेवारी १९८०मध्ये इंदिरा गांधी परत आल्यावर सुरू झाला. तोच सन्मान मोरारजीभाईंनी १९९१मध्ये स्वीकारला. दुसरी खंड १९९२ ते १९९५, प्रश्न १०मधल्या खटल्यामुळं.

१७. मिळालेल्याला फायदे काय? टोल माफ, एसटी फुकट?

एसटीचं मला कुणी विचारलं की बरं वाटतं. राजशिष्टाचाराच्या यादीत ७अ हे स्थान, म्हणजे केंद्रीय कॅबिनेट मंत्र्यांच्या लगेच खाली, आणि राजनैतिक पासपोर्ट. सैन्यातलं परमवीर चक्र मोठं की हे, असंही विचारतात. पदकं छातीवर लावायच्या क्रमात भारतरत्न आधी, परमवीर चक्र लगेच नंतर, पण एक नागरी आणि एक रणांगणावरचं, तुलना करण्यात अर्थ नाही. महाराष्ट्र भूषण हा राज्य सरकारचा सर्वोच्च पुरस्कार, १९९६ला पु. ल. देशपांड्यांपासून सुरू झाला. त्याला रोख रक्कम असते.

१८. कुणी नाकारलंय का? आणि सुभाषबाबूंचं नाव यादीत का नाही?

मौलाना आझादांनी हयातीत नको म्हटलं होतं. निवडीशी संबंध असलेल्यांनी सन्मान घेऊ नये, ही त्यांची भूमिका. १९९२मध्ये त्यांना मरणोत्तर देण्यात आलं.

नेताजींचं प्रकरण विचित्र आहे. १९९२मध्ये त्यांना ‘मरणोत्तर’ भारतरत्न जाहीर झालं. ‘मरणोत्तर’ या एका शब्दावरून वादळ उठलं: मृत्यूचा पुरावा कुठाय? कुटुंबानंही घेतलं नाही, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९७मध्ये न्यायालयानं ते प्रसिद्धिपत्रकच रद्द झाल्याचं धरलं. सन्मान प्रत्यक्ष दिलाच गेला नव्हता, त्यामुळं परत घेण्याचा प्रश्न आला नाही. जुन्या गाइडांत १९९२च्या यादीत त्यांचं नाव अजून सापडतं आणि बेरीज एकानं वाढते. ५४ येत असतील तर १९९२मध्ये बघा. तिथं तिघेच हवेत: आझाद, टाटा आणि सत्यजित राय.

१९. वर्ष कोणतं लिहायचं? एका पुस्तकात भीमसेन जोशी २००८, दुसऱ्यात २००९.

दोन्ही छापतात. जाहीर झालं नोव्हेंबर २००८मध्ये, प्रदान झालं फेब्रुवारी २००९मध्ये, तेही प्रकृतीमुळं पुण्यातल्या राहत्या घरी. तेंडुलकरचं तसंच: वानखेडेवरचा शेवटचा सामना संपला त्याच दिवशी, १६ नोव्हेंबर २०१३ला घोषणा, आणि ४ फेब्रुवारी २०१४ला राष्ट्रपती भवनात प्रदान. या पानावर आम्ही भीमसेनजींना २००९ आणि सचिनला २०१४ धरलंय. परीक्षेत दोन्ही वर्षं पर्यायांत एकदम सहसा येत नाहीत. आलीच, तर ‘घोषित’ की ‘प्रदान’ हा शब्द शोधा. आणि उत्तरतालिका चुकली असं वाटलं तर हरकत मुदतीत नोंदवा, मुदत संपल्यावर आमच्याकडं येऊन उपयोग नाही.